परवाना आणि मतदारयादी

दिल्लीवर इंग्रजांचा अंमल ज्या लढाईने बसला तिचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या या पूर्वेकडच्या काठावर जनरल लेकच्या कंपनी फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. शिंद्यांच्या बाजूचा सेनापती लुई बुर्किन हा फ्रेंच होता, त्याच्या हाताखाली लढणारे बहुतेक हिंदुस्थानी होते, आणि समोरच्या कंपनीच्या फौजेतही शिपाई हिंदुस्थानीच जास्त होते. इतिहासात ही पटपडगंजची लढाई. मी त्याच पटपडगंजच्या एका सोसायटीत राहते. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हापासून मराठी पाहुणे घरी आले की मी त्यांना सांगते, दिल्लीचा मराठी अंमल आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या या पट्ट्यात संपला. पाहुणे हळहळतात. मलाही वाईट वाटते.

पण ज्यांच्या शहराबद्दल आपण बोलतो त्या दिल्लीकरांना काय वाटले असेल, हेही विचारायला हवे. बाजीराव १७३७ मध्ये तालकटोऱ्याजवळ येऊन गेले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा पगार भागवण्यासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवले. पुढे महादजी शिंद्यांनी बादशहा शहा आलमला पुन्हा तख्तावर बसवले, आणि रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याचे डोळे काढल्यावर मराठ्यांनीच त्याची सुटका केली, हेही खरे. तरी यमुनेचे पाणी भरणाऱ्या भिश्त्याला किंवा चांदणी चौकातल्या सराफाला यातल्या कोणीही काही विचारले नव्हते. लेक शहरात शिरला, आंधळ्या बादशहाला भेटला, त्याचे पेन्शन ठरले आणि शहरात इंग्रज रेसिडेंट बसला. तेव्हाही विचारले गेले नाही.

मी भोगलच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि शाळेच्या आसपासच्या मतदान केंद्रांपैकी एकाची बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) आहे, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी नीट ठेवणे हे माझे दुसरे काम. नवीन नावाला फॉर्म सहा, नाव काढायला फॉर्म सात, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला फॉर्म आठ. हे काम करत असल्यामुळे दिल्लीचा इतिहास वाचताना माझे लक्ष राजांपेक्षा याद्यांकडे जाते. कोणत्या राजवटीने कोणाची नावे लिहिली आणि कशासाठी? परकीय फौजेने घेतलेल्या शहरात लोकांचे राज्य कसे उभे राहते, या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडते.

१८५७ च्या दिल्लीचा एक कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बंडाच्या काळातले उर्दू आणि फारसी कागद आहेत, हजारो. ११ मे रोजी मेरठचे शिपाई होड्यांचा पूल ओलांडून शहरात आले, तेव्हापासून सप्टेंबरमध्ये शहर पडेपर्यंतचे अर्ज, हुकूम, तक्रारी, कोतवालाचे रोजचे अहवाल. त्याच काळात शिपायांनी एक मंडळ नेमले: जलसा-ए-इंतजाम-ए-फौजी व मुल्की. त्याची नियमावली उपलब्ध आहे. सभासद दहा. सहा लष्करातले, म्हणजे पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांचे प्रत्येकी दोन, आणि चार मुलकी कारभाराचे. निवड बहुमताने व्हायची. सभासदाने इमानाने काम करण्याची शपथ घ्यायची, सदर म्हणजे अध्यक्ष सभासदांतूनच निवडायचा, त्याला एक मत जादा, निर्णय बहुमताने, आणि मग तो मंजुरीसाठी बादशहाकडे. वेढा पडलेल्या शहरात, दारूगोळा संपत आलेला असताना, कंपनीच्या पलटणीत नायक आणि सुभेदार म्हणून वाढलेली माणसे बसून ठरवतात की हुकूम एकाच्या तोंडून निघणार नाही, तो मते मोजून निघेल!

या मंडळाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. त्याच दप्तरात दुकानदारांचे अर्ज आहेत: शिपाई उधारी बुडवतात, दार फोडून पीठ आणि मिठाई नेतात. मंडळाच्या हुकमाला प्रत्येक पलटण जुमानत होती असेही नव्हते, बरेलीहून आलेला बख्त खान आणि शहजादा मिर्झा मुघल यांची चढाओढ शेवटपर्यंत मिटली नाही. शिवाय मेमध्ये किल्ल्याच्या आवारात निरपराध युरोपीय बायकामुलांची कत्तल झाली, ती या शहराच्या कपाळावर कायम राहील. शहरातल्या सामान्य माणसाचे मतही या दहा जणांत नव्हते. तरी परकीय सत्तेने दिल्लीत पहिली नगरपालिका स्थापन करण्याच्या सहा वर्षे आधी दिल्लीत बहुमताचा नियम लिहिला गेला होता, आणि तो परकीयांशी लढणाऱ्यांनी लिहिला होता. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे कुठेच नाही. असायला हवे होते.

१४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा उडवून इंग्रज फौज आत शिरली, २० तारखेला लाल किल्ला पडला. त्यानंतर जे झाले ते गालिबने पत्रांतून लिहून ठेवले आहे, कारण तो बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमध्ये राहिला होता आणि पतियाळाच्या महाराजांनी तिथे ठेवलेल्या पहाऱ्यामुळे त्याची गल्ली वाचली. बाकी शहर रिकामे करण्यात आले. लोक महिनोन्‌महिने मेहरौली आणि निजामुद्दीनच्या बाजूला, पडक्या कबरींच्या आडोशाने राहिले. हिंदूंना आधी परत येऊ दिले, मुसलमानांना बऱ्याच उशिराने, आणि तेही दंड भरून, निष्ठा पटवून. शहरात राहायला छापील परवाना लागायचा. बादशहावर दिवाण-ए-खासमध्येच खटला चालवून त्याला रंगूनला पाठवले. किल्ल्यातल्या बहुतेक इमारती पाडून बराकी बांधल्या. जामा मशीद जप्त झाली, ती १८६२ मध्ये परत मिळाली. फत्तेपुरी मशीद लिलावात व्यापारी लाला चुन्नामल यांनी घेतली, ती १८७७ पर्यंत परत गेली नाही. दिल्ली पंजाबला जोडली गेली.

तेव्हा जेत्यांनी दिल्लीत केलेली पहिली यादी परवान्यांची. कोण राहू शकतो आणि कोण नाही, कोण निष्ठावान आणि कोण संशयित. त्या यादीतून वर आलेल्या माणसांतूनच १८६३ मध्ये नगरपालिका बनली. अध्यक्ष इंग्रज डेप्युटी कमिशनर, सभासद नेमलेले. चुन्नामल त्यांच्यापैकी एक. पैसा चुंगीचा, म्हणजे आपण महाराष्ट्रात जिला जकात म्हणतो तिचा, आणि त्यातला मोठा भाग पोलिसांवर जायचा. म्हणजे शहराने स्वतःवरच्या पहाऱ्याचा खर्च स्वतः उचलायचा. जहाँआराची सराई जिथे होती तिथे, चांदणी चौकात, टाउन हॉल उभा राहिला. तो आजही आहे. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, आता स्वामी श्रद्धानंदांचा आहे. व्हाइसरॉय रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर काही जागा निवडणुकीने भरल्या जाऊ लागल्या, पण मत मालमत्तेला आणि कराला होते. १९११ चा दरबार, राजधानीची घोषणा, १९१९ चा कायदा हे सगळे पुढे झाले, आणि केंद्रीय कायदेमंडळात दिल्लीला निवडणुकीची एकच जागा मिळाली.

हे सांगायचे कारण असे की इंग्रजांनी आपल्याला लोकशाही दिली हे वाक्य मी शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकते. त्यांनी इमारती दिल्या, हे मी मानते. सिव्हिल लाइन्समधले जुने सचिवालय १९१२ चे, तिथे विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. जानेवारी १९२७ मध्ये गोल कौन्सिल हाउसचे उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विनने केले, एकशे चव्वेचाळीस खांबांचे. सभागृहाचे नियम, प्रश्नोत्तराचा तास, अध्यक्षाची खुर्ची, हेही त्यांच्याकडून आले, आणि आपल्या लोकांनी ते चोख आत्मसात केले. पण त्या गोल इमारतीत कोण बसणार हे ठरवणारी मतदारयादी मूठभरांची होती. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक निवडणुकांत तीन कोटींच्या आसपास लोकांना मत मिळाले, तेही जमीन, कर, शिक्षण यांच्या मोजपट्टीवर. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच प्रौढ मताधिकार मागितला होता. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याला शाळेत बसू दिले नाही, त्यालाच मताची सर्वात जास्त गरज आहे, हा त्यांचा मुद्दा होता. तो इंग्रजांनी मान्य केला नाही.

९ डिसेंबर १९४६ ला त्याच गोल इमारतीत संविधान सभा बसली. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी असताना डॉ. आंबेडकर १, हार्डिंग अॅव्हेन्यू इथे राहत होते, आजचा टिळक मार्ग. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी बजावले की इथली माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हा तिच्यावर घातलेला वरचा थर आहे. मला हे वाचताना दरवेळी वाटते, बाहेरच्याला दोष देऊन मोकळे होण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. परक्याचे राज्य गेल्यावरही माणसाला माणूस न मानणारे घरातलेच राज्य शिल्लक होते. म्हणून प्रत्येक प्रौढाचे नाव यादीत येणे ही त्यांच्यासाठी पुढे कधीतरी करायची गोष्ट नव्हती.

आणि ती यादी कशी झाली याची हकीकत दिल्लीच्या सर्व लढायांपेक्षा मला जास्त थरारक वाटते. संविधान लिहून व्हायच्या आधी, फाळणीचे लोंढे चालू असताना, संविधान सभेच्या सचिवालयातल्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४७ पासून हे काम हाती घेतले. घटना सल्लागार बी. एन. राव होते, आणि त्यांच्याबरोबर आज कोणाला नावे माहीत नसलेले कारकून. मार्च १९४८ मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना सूचना गेल्या: एकवीस वर्षांवरील प्रत्येकाचे नाव घ्या. मालमत्ता विचारू नका, शिक्षण विचारू नका. अट एकच होती, वर्षातून एकशे ऐंशी दिवस त्या ठिकाणी राहिलेले असावे. तिथेच अडचण आली. लाहोर, मुलतान, डेरा इस्माइल खानहून आलेला माणूस सहा महिन्यांचे वास्तव्य कुठून दाखवणार?

दिल्लीत तेव्हा अशा माणसांचा पूर होता. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती, १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारात आधी पाकिस्तानात जाणारे मुसलमान थांबले होते, किंग्जवे कॅम्पमध्ये तिकडून आलेले हिंदू आणि शीख. १८५७ नंतर नव्वद वर्षांनी दिल्लीकर पुन्हा कबरींच्या आडोशाला होते, आणि सरकारपुढे पुन्हा तोच प्रश्न होता: या शहरात कोणाला धरायचे? देशभरातून निर्वासितांच्या संघटनांची पत्रे सचिवालयात येत होती, आमचे नाव का नाही, आम्ही मत कुठे देणार. उत्तरे जात होती. आणि निर्णय असा झाला की निर्वासिताने या ठिकाणी कायम राहण्याचा आपला इरादा आहे एवढे लिहून दिले की त्याचे नाव घ्यायचे, मग तो कितीही दिवसांपूर्वी आलेला असो.

मी बीएलओ आहे म्हणून मला या ओळीची किंमत कळते. आमचे निम्मे आयुष्य कागद मागण्यात जाते: वीजबिल आहे का, भाडेकरार आहे का. ज्या शहरात परवान्याशिवाय राहता येत नव्हते त्याच शहरातून असा हुकूम निघाला की माणसाच्या शब्दावर त्याला मतदार करा. माझ्या मते आपली लोकशाही त्या हुकमाने सुरू झाली. २६ जानेवारीचा संचलनाचा सोहळा मी दरवर्षी मुलांना दाखवते, पण या पत्रव्यवहारावर एक धडा असता तर मी तो आधी शिकवला असता.

यादीत दोषही राहिले. सुमारे अठ्ठावीस लाख बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच लिहून आले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायला नकार दिला आणि ती नावे वगळली गेली. कठोर निर्णय होता, पण मला तो पटतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नावाने आल्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी एकूण मतदार सतरा कोटी बत्तीस लाखांच्या आसपास. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, म्हणजे लिहितावाचता न येणाऱ्याला चिठ्ठी कुठे टाकायची ते कळावे. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक लोखंडी पेट्या आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. नवी दिल्ली मतदारसंघातून काँग्रेसच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सुचेता कृपलानी निवडून आल्या. राजधानीतल्या पहिल्याच निवडणुकीत सत्ताधारी पक्ष एका बाईकडून हरला आणि कोणाला सैन्य बोलवावे लागले नाही.

दिल्लीच्या स्वतःच्या विधानसभेची कथा तितकी सुखाची नाही. ४८ सदस्यांची विधानसभा १९५२ मध्ये जुन्या सचिवालयातच भरली, चौधरी ब्रह्मप्रकाश चौतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, आणि १९५६ मध्ये ती रद्द झाली. परत आली ती थेट १९९३ मध्ये. राजधानीवर केंद्राचा हात राहावा हे डॉ. आंबेडकरांचेही मत होते, देशबंधु गुप्ता संविधान सभेत दिल्लीकरांसाठी त्याविरुद्ध भांडले. या एका बाबतीत मी गुप्तांच्या बाजूची आहे.

आता काबूलविषयी. परकीय फौजेने घेतलेल्या शहराचे ते अलीकडचे उदाहरण, आणि एक छोटे काबूल माझ्या यादीच्या हद्दीतही आहे. भोगल आणि लाजपतनगर या निर्वासितांच्याच वस्त्या, पंजाबी निर्वासितांनंतर तिथे अफगाण आले. तंदूरमधले लांब नान, दारी भाषेतल्या पाट्या. मी घरोघर फिरते तेव्हा वरच्या मजल्यावरचे भाडेकरू विचारतात, "मॅडम, हमारा नाम?" मला सांगावे लागते, यादी भारतीय नागरिकांची आहे, भाईसाहब. त्यांच्यापैकी एका वयस्क गृहस्थांनी तिकडे मतदान केंद्रावर काम केले होते. ते म्हणाले, आमच्याकडे मतपेटी आली, पैसा आला, विमानाने निरीक्षक आले, पण गावात माणसे किती आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हते, एकेकाच्या खिशात दोन-तीन मतदारपत्रे असायची.

त्यांचे म्हणणे पुस्तकांतही सापडते. अफगाणिस्तानात पूर्ण जनगणना कधी झालीच नाही, १९७९ ची अर्धवट राहिली. अमेरिकी फौजा २००१ च्या ऑक्टोबरमध्ये शिरल्या, २००४ मध्ये संविधान आणि ९ ऑक्टोबरला अध्यक्षाची निवडणूक. लोक उत्साहाने आले, ऐंशी लाखांहून अधिक, बायका पहाटेपासून रांगेत. त्या दिवशी बोटाची शाई पुसली जाते म्हणून गदारोळ झाला. २०१९ च्या निवडणुकीत मोजली गेलेली मते वीस लाखांच्याही खाली होती. काबूलची संसद भारताने बांधून दिली, २०१५ च्या नाताळच्या दिवशी तिचे उद्घाटन झाले. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान शहरात आले आणि त्याच वर्षाअखेर त्यांनी निवडणूक आयोग मोडला. अफगाणांना लोकशाही झेपत नाही असे म्हणणारे मला चुकीचे वाटतात. राजा झहीर शाहच्या काळात, १९६४ च्या त्यांच्या स्वतःच्या संविधानाखाली, १९६५ आणि १९६९ मध्ये तिथे निवडणुका झाल्या होत्या. तो धागा १९७३ मध्ये आधी घरातल्याच सत्तापालटाने तुटला, आणि नंतर दोन परकीय फौजांनी आणि आपसांतल्या युद्धाने तो जुळू दिला नाही. जपानचे उदाहरण लोक देतात, अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या कार्यालयाने १९४६ मध्ये आठवड्याभरात मसुदा लिहिला आणि तो टिकला. पण जपानमध्ये संसद १८९० पासून होती, सर्व पुरुषांना मत १९२५ मध्येच मिळाले होते, आणि गावोगावच्या कुटुंबनोंदी तयार होत्या. जेत्याने लिहिलेला कागद तिथल्या आधीच्या कामावर उभा राहिला. काबूलला इमारत आमच्याकडून गेली, यादी कोणी पाठवू शकत नव्हते.

सध्या माझ्या भागात बारापुल्ला उड्डाणपुलाखाली राहणाऱ्यांची नावे घ्यायचे काम चालू आहे. बेघर माणसासाठी आपल्या निवडणूक आयोगाचा नियम वेगळा आहे: पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. त्याने सांगितलेल्या जागी बीएलओने रात्री जायचे, तो तिथे झोपतो का ते पाहायचे, आणि एका रात्रीवर भागत नाही, पुन्हा जायचे. १९४८ च्या त्या हुकमाचेच हे रूप आहे असे मी मानते, म्हणून हे काम मी दुसऱ्यावर ढकलत नाही. अडचण अशी की अतिक्रमण हटवायची गाडी येऊन गेली की माणसे जागा बदलतात, दुसऱ्या फेरीला सापडत नाहीत आणि अर्ज पडून राहतो. मी वरच्या कार्यालयाला लेखी कळवले आहे की हटवण्याची तारीख आम्हाला आधी द्या, म्हणजे दोन्ही फेऱ्या त्यापूर्वी पुऱ्या करता येतील. शाळेतले दोन शिक्षक माझ्याबरोबर यायला तयार आहेत. पुलाच्या खांबांना क्रमांक आहेत, त्यामुळे फॉर्म सहाच्या पत्त्याच्या रकान्यात आम्ही खांबाचा क्रमांक लिहितो.